मशीन चालू हाये का बंद?

बाबांचा उजवा हात कोपराखालून गेला तेव्हा मी सातवीत होते. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये ते कामाला होते. दिवाळीनंतरचा सीझन होता, तालुक्याचं धान मिलच्या दारात उतरत होतं, आणि त्या दिवशी दुपारी आमच्या घरी बाबांच्या आधी बाबांचा डबा आला. न उघडलेला. डबा आणणाऱ्यानं आईला दारातच सांगितलं, "पट्ट्यात हात गेला, वहिनी. बाही अडकली." पुढची अकरा वर्षं आमच्या घरात त्या दिवसाबद्दल एवढंच बोललं गेलं. बाही अडकली.

बाबा वर्षभर भिंतीकडे तोंड करून जेवले. डाव्या हातानं जेवताना कोणी पाहिलेलं त्यांना चालत नसे. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि उजवी बाही दुमडून तिला पिन मारायची. आई दुसऱ्या एका मिलमध्ये कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, पाखडायला जाऊ लागली. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या केसांत, पापण्यांत, कानाच्या पाळीमागं कोंडा बसलेला असायचा. अंगणात आधी पदर झटकायची, मग आमच्याशी बोलायची. पुढं बाबांना एका शाळेच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. फाटक एका हातानं उघडता येतं.

त्यातून मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते. पण ही गोष्ट एका मिस्त्रीची आहे, आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर हेही सांगावं लागेल की त्याच्या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक कोणा अडाण्यानं केली नाही. ग्रॅज्युएट मुलीनं केली.

ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात मी कामाला होते तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा आले. भर थंडी, दहा वाजले तरी उन्हात जोर नव्हता. अंगात नवा कोरा शर्ट, आणि त्याच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कात्रीनं कापलेल्या. दोरे लोंबत होते. दंडावर काटा आला होता. डाव्या कानात कापसाचा बोळा.

"तुमच्या इथं चॅनल दुरुस्त करून मिळते का?"

"कशाचं चॅनल, काका?"

"व्हिडिओचं. बंद पडलं."

फोन पाहिला तर चॅनल बंद नव्हतं. राईस मिलच्या मशिनींचे बिघाड आणि त्यांचे इलाज यावर चाळीस-एक व्हिडिओ होते, एकेक पंचवीस मिनिटांचा. ते पाहायलाच कोणी येत नव्हतं. बहुतेक व्हिडिओ पाहणारे एकटे मिस्त्री स्वतःच होते.

"कोणाची पोरगी तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी कानातला कापूस काढला, बोटांत फिरवला, परत घातला. "तूच कर मंग," म्हणाले.

त्यांच्या घरी जाऊन काम करायचं ठरलं. घरी सांगितलं तर आईनं हातातली परात खाली ठेवली. "त्याच्या घरी नाई जायचं. तुया बाबाच्या मिलचा मिस्त्री होता तो. अकरा वर्षांत एक डाव दारात नाई आला."

बाबा म्हणाले, "जाऊ दे तिले. माणसाचा कान लय चांगला हाये."

मिस्त्रींचं घर रेल्वेलाइनच्या बाजूला, गावाच्या टोकाशी. मागं टिनाचं शेड. शेडात एक जुनं हालर, म्हणजे धान भरडायची लहान मशीन, एक मोटर, वर एक लांब शाफ्ट आणि त्याच्या पुल्ल्यांवरून खाली येणारे कातडी पट्टे. दाराशी एक खुंटी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "ओढणी खुंटीले." शेडात शिरणाऱ्या प्रत्येकाचं असंच. पुरुष असेल तर बाही कोपराच्या वर गुंडाळायची, नाहीतर बाहेर उभं राहून बोलायचं. त्यांच्या साळ्याचा मुलगा लग्नाची पत्रिका घेऊन आला, अंगात भरजरी शेरवानी. मिस्त्रींनी खिळ्यावरची कात्री काढली. "आधी बाही, मंग पत्रिका." पोरगा पत्रिका उंबऱ्यावर ठेवून गेला. लग्नाला मिस्त्री गेले, पण जेवले मांडवाबाहेर, डीजेपासून दोन घरं लांब, दोन्ही कानांत बोळे घालून.

कान हेच त्यांचं हत्यार, तोही एकच, उजवा; डावा मशिनींच्या आवाजात आधीच गेला होता. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, आत काय झिजलं आणि किती दिवस चालेल. त्यांची एक म्हण होती, "हात गेला त चालते, कान गेला त मिस्त्री गेला." ती ते दुसऱ्या कोणासमोर पुरी म्हणत. माझ्यासमोर "हात गेला त..." एवढंच बोलून थांबत आणि बिडी पेटवत. आमच्या घरची लाज राखतात असं मला वाटे.

आणि फोन. हॅलो कधी म्हटलं नाही. कोणाचाही फोन असो, पहिला सवाल ठरलेला. "चालू हाये का बंद?" नागपूरहून लेकीनं तब्येत विचारायला फोन केला तरी तेच. एकदा मी उद्या किती वाजता येऊ म्हणून फोन केला.

"चालू हाये का बंद?"

"काय जी, काका?"

"मशीन."

"माझ्याकडे मशीन नाही."

"मंग बोल."

चॅनल कशासाठी हवं, हे मी पहिल्या आठवड्यातच विचारलं. माणूस पैशासाठी झुरणारा नव्हता, नावासाठीही नाही. चाळीस व्हिडिओंत एकदाही त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नव्हतं. ते म्हणाले, "मले एक व्हिडिओ लोकाइले दाखवाचा हाये. सीझनच्या आधी. मिलमध्ये मशिनीवर जो जो उभा राह्यते, त्यानं पाह्यला पायजे."

"कोणता व्हिडिओ?"

"तो अजून काढला नाई. आधी मांडव भरू दे. रिकाम्या मांडवात कोण बोलते?"

मी फोनवर एआय चालू करून दिलं. म्हटलं, हा तुमचा कोच. चॅनल कसं वाढवायचं ते याला विचारा, मराठीत बोला, तो मराठीत सांगेल. मिस्त्रींनी फोन पितळी गिलासाला टेकवून उभा केला आणि समोर मांडी घातली.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" फोन बोलला.

"पुण्याचा हाये का हा?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"तो कुठलाच नाही, काका."

"कुठलाच नाई असा मास्तर नसते." ते उठले, हालर सुरू केलं, फोन मशिनीपाशी धरला. "सांग, काय रोग हाये."

कोचनं अदबीनं सात कारणं सांगितली. बेअरिंग असेल, पट्टा सैल असेल, पाया हलला असेल, असं एकेक. मिस्त्रींनी मोटर बंद केली. "एक कारण सांगते तो मिस्त्री. सात सांगते तो डॉक्टर." त्या दिवसापासून त्याचं नाव सातकारण्या. "विचार त्या सातकारण्याले," असं ते मला फर्मावत.

पण चॅनलच्या बाबतीत सातकारण्या कच्चा नव्हता. त्यानं दुसऱ्या बैठकीत मिस्त्रींना विचारलं, "तुमचा व्हिडिओ जो माणूस उघडतो, तो त्या वेळी कुठे उभा असतो?"

मिस्त्रींना सवाल आवडला. "मशीनपाशी. मशीन बंद पडली असते. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागली असते, मालक बोंबलून राह्यला असते."

"मग त्याच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत का?"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "हे बरोबर बोलला." खडू घेतला आणि शेडाच्या टिनावर लिहिलं: एका व्हिडिओत एकच रोग.

तसे नियम टिनावर वाढत गेले. पहिल्या तीन सेकंदांत रोग दिसला पाहिजे. नाव असं ठेवा की घाईतला माणूस शोधेल. जे पटत नसे तेही ते आधी लिहून घेत आणि मग त्यावर काट मारत. 'हसत बोला' यावर काट. 'पाहणाऱ्यांना मित्रांनो म्हणा' यावर काट. "मी कायचा मित्र? मी मिस्त्री." 'मध्ये शांतता ठेवू नका, लोक निघून जातात' यावर त्यांनी काट मारली नाही, पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मशीन ऐकायची तर गप्प बसावंच लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. सातकारण्याचं म्हणणं होतं, लोक मशीन नाहीत. या एका ओळीवरून दोघांचं तीन आठवडे भांडण चाललं.

त्या भांडणातूनच एक चांगली गोष्ट निघाली. कोच म्हणाला, मग ऐकण्याचंच काहीतरी करा. दहा सेकंद आजारी मशिनीचा आवाज ऐकवा आणि विचारा, रोग ओळखा. मिस्त्रींनी तसं केलं. आवाज, मग त्यांचा कोरडा सूर: "सांगा." बस. गोंदियाकडून, बालाघाटकडून, पवनीकडून उत्तरं येऊ लागली. चुकलेल्या माणसाला मिस्त्री माझ्याकडून लिहून घेत, "पुन्हा ऐक." पोळ्यापर्यंत मांडवात बऱ्यापैकी माणसं जमली होती. मी विचारलं, आता तो व्हिडिओ काढायचा का? ते म्हणाले, "थांब अजून." विचारलं की दर वेळी ते पेचकस पुसायला घेत.

दसरा झाला. सीझन तोंडावर आला तसं मला राहवेना. मिस्त्री करडीला एका मिलच्या कामावर गेले होते. मी चॅनलच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंचे आलेख कोचला दाखवले, कोणत्या मिनिटाला किती लोक टिकतात ते. त्यानं एका जुन्या व्हिडिओवर बोट ठेवलं. पंचवीस मिनिटांचा तो व्हिडिओ कोणी पुरा पाहत नव्हतं, पण चौदाव्या मिनिटाशी आलेख एकदम उंच होता. लोक मागं जाऊन तेवढीच जागा पुन्हा पुन्हा पाहत होते. "हा भाग वेगळा कापून टाकून पाहा," कोच म्हणाला.

मी ते अकरा सेकंद पाहिले. मिस्त्री कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी सांगताहेत. मागं पट्टा पुल्लीवरून सरकून खाली येतो. त्यांचं बोलणं थांबत नाही. ते पट्टा उचलतात, फिरत्या पुल्लीच्या कडेला लावतात, तळव्यानं एक रेटा देतात, मागं सरकतात. पट्टा ताणला जातो, हालर परत दाणे ओकू लागतं. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलेलं नाही.

मला ती जादू वाटली. त्या अकरा सेकंदांत काय आहे हे मी कोचला सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्याला आलेख दिसला, हात दिसला नाही. मला हात दिसला आणि कळलं नाही. मी तुकडा कापला, नाव दिलं 'चालत्या मशीनवर पट्टा: उस्तादाचा हात', आणि चॅनलवर टाकला.

दोन दिवसांत चाळीस व्हिडिओंना मिळून जेवढी माणसं आली नव्हती तेवढी त्या एका तुकड्याला आली. खाली ओळीनं 'उस्ताद', 'गजब', 'क्या हाथ है'. मी इतकी खूश, की संध्याकाळी बाबा फाटकावरून आले तसा फोन त्यांच्या डाव्या हातात दिला.

बाबांनी पाहिलं. परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना पिन मारलेली बाही हलली.

"हे कोणं टाकलं?"

"मी."

"ह्याच्यानंच गेला माहा हात."

"बाही अडकली होती ना?"

"बाही मंग अडकली. आधी हात पट्ट्यावर होता. असाच. तो ठेवून राह्यला तसाच."

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

बाबांनी फोन परत दिला आणि चप्पल काढायला वळले. आई आतून म्हणाली, "सांगा ना आता. पोरगी ग्रॅज्युएट हाये. समजते तिले."

"त्यानंच शिकवलं," बाबा म्हणाले. "मिलमध्ये समद्याइले शिकवे. पट्ट्यासाठी मशीन बंद करते त्याले तो बायल्या म्हणे. मी मालकाले नाई सांगितलं. मिस्त्रीचं काम गेलं असतं, माहा हात का वापस येणार होता?"

एका बाजूला त्या माणसाचा राग, दुसऱ्या बाजूला माझा स्वतःचा. त्यानं मिलमधल्या दहा-बारा जणांना शिकवलं असेल. मी दोन दिवसांत किती जणांना शिकवलं, ते फोनवर आकड्यात दिसत होतं आणि वाढत होतं.

सकाळी शेडात गेले. ओढणी खुंटीला अडकवली, काही न बोलता फोन समोर धरला. मिस्त्रींनी तुकडा पाहिला आणि आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले.

"हे मीनं कवा केलं?"

"तुमच्याच व्हिडिओत आहे, काका."

"मीनं नाई केलं. हातानं केलं." ते धानाच्या पोत्यावर बसले. "अकरा वर्षं झाली, चालत्या मशिनीवर पट्टा नाई चढवला मीनं. हात माहा ऐकत नाई म्हंजे."

"बाबांनी सांगितलं मला," मी म्हटलं. "सगळं."

मी खालचे शेरे वाचू लागले, जोरात, त्यांना ऐकू जावेत म्हणून. खरं सांगायचं तर त्यांना टोचावेत म्हणून. शेवटचा तासाभरापूर्वीचा होता, बालाघाटकडच्या एका ऑपरेटरचा. 'उस्ताद, परसों हमारी मिल चालू हो रही है. मैं भी ऐसे ही चढ़ाऊंगा.'

मिस्त्री उठले. "फोन लाव त्याले."

"नंबर नाही."

"गाव?"

"लिहिलेलं नाही."

मी त्या शेऱ्याखाली लिहिलं, मत चढ़ाना, पहले फोन करो, आणि मिस्त्रींचा नंबर टाकला. दहा मिनिटं दोघंही फोनकडे पाहत बसलो. उत्तर आलं नाही. मग मी कोचला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं. त्या अकरा सेकंदांत काय आहे, कोणी कोणाला शिकवलं, माझ्या बाबांचं काय झालं, आणि परवा एक माणूस काय करणार आहे.

तो म्हणाला, तुकडा आत्ता काढा, आणि त्यात काय आहे हे सल्ला देण्याआधी मी विचारायला हवं होतं. मी काढला. मग तो म्हणाला, "पण ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांतून तो काढता येणार नाही. ते पुन्हा तेच शोधत येतील. तेच नाव ठेवा, सुरुवात तशीच ठेवा, आणि पुढे खरं सांगा. त्याच हातांनी सांगितलं तर ऐकतील."

मिस्त्री टिनावरच्या नियमांकडे पाहत होते. "हाच तो," म्हणाले.

"कोणता?"

"ज्याच्यासाठी मांडव भरून राह्यलो होतो तो. वर्षभर तोंड नाई झालं माहं." मग थोड्या वेळानं, "तुया बाबा लागन त्यात."

"तुम्ही विचारा. मी नाही विचारणार."

आमच्या घरापर्यंत ते पायी आले, माझ्या दहा पावलं मागं. दिवाळीच्या सुट्ट्या त्याच दिवसापासून लागल्या होत्या, बाबा घरीच. मिस्त्री उंबऱ्याबाहेर थांबले. दोघं अकरा वर्षांनी समोरासमोर. मिस्त्रींची नजर बाबांच्या पिनेवर, बाबांची मिस्त्रींच्या उघड्या दंडांवर.

"बाह्या कुठं गेल्या?" बाबांनी विचारलं.

"त्याच दिवशी कापल्या."

आई बाबांच्या मागून म्हणाली, "मंग पाय बी कापले होते का अकरा वर्षं?"

"तसंच समजा, वहिनी."

मिस्त्रींनी बालाघाटच्या माणसाचं सांगितलं, मोजक्या शब्दांत, मशिनीचा रोग सांगतात तसं. बाबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "परवा म्हंजे मधात एकच दिवस ना?" आणि चपलांत पाय घातले. आई म्हणाली, "जेवून त जा." कोणी जेवलं नाही.

कोचनं बोलायचं लिहून दिलं होतं. मिस्त्रींनी ते चार वेळा वाचून घेतलं आणि खिशात घातलं. मी फोन धरला. मोटर सुरू झाली, शाफ्ट फिरू लागला. बाबा दोन पावलांवर भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मिस्त्रींनी खाली पडलेला पट्टा उचलला. अगदी त्या तुकड्यातल्यासारखाच, न पाहता. हात वर गेला. पुल्लीच्या कडेपाशी गेला.

'मीनं नाई केलं, हातानं केलं,' हे सकाळचं बोलणं मला तेव्हा आठवलं, आणि फोन धरूनच मी एक पाऊल पुढं टाकलं. व्हिडिओत चित्र तेवढं जवळ आलेलं दिसतं.

पट्टा कडेपासून वीतभर असताना मिस्त्रींनी डाव्या हातानं स्विच दाबला.

मोटर बंद झाली, पण शाफ्ट लगेच थांबत नसतो. तो फिरत राहिला. मिस्त्री पट्टा धरून उभे. बाबा भिंतीपासून निघाले आणि त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघं वर पाहत होते. आवाज उतरत गेला, पुल्लीचे आरे आधी धूसर, मग वेगवेगळे दिसायला लागले. पाऊण मिनिट गेलं असेल. कोणी बोललं नाही. पुल्ली थांबली, जराशी उलटी फिरली, आणि थांबली.

मग बाबांनी डाव्या हातानं पट्ट्याची एक बाजू धरली, मिस्त्रींनी दुसरी, आणि दोघांनी तो चढवला.

मिस्त्री कॅमेऱ्याकडे वळले. खिशातला कागद त्यांनी काढला नाही. "माह्या मिलमधल्या या माणसाले मीनं चालत्या मशिनीवर पट्टा चढवाले शिकवलं. याचा हात गेला. मालकाले यानं माहं नाव नाई सांगितलं, म्हणून मी सांगून राह्यलो. तुमी पाह्यला तो हात माहा. त्याच्यासारखं करू नका. आता जेवढा वेळ लागला, तेवढाच लागते." मग तेच त्यांनी त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

टाकायच्या आधी मी कोचला विचारलं. तो म्हणाला, मधली शांतता पाच सेकंदांवर आणा, नाहीतर मुद्दा यायच्या आत लोक जातील. मी मिस्त्रींना सांगितलं.

"त्याले सांग, तेवढाच भाग कामाचा हाये. ज्याले तेवढं थांबवत नाई, त्याचाच हात जाते." ते उठले, खडू घेतला आणि प्रश्नचिन्ह पुसून 'शांतता ठेवू नका' या ओळीवर काट मारली.

मी एक सेकंदही कापला नाही. दुसऱ्या दिवशी आलेख पाहिला. त्या पाऊण मिनिटात रेघ खाली आलीच नव्हती. कोचला दाखवलं तर तो म्हणाला, माझा अंदाज चुकला. असं का झालं, मी विचारलं. या खेपेला त्यानं एकच कारण दिलं: हात वर गेलेला लोकांनी पाहिला होता, आणि पुढं काय होतं ते कळल्याशिवाय त्यांना जाववत नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "आता झाला मिस्त्री."

बालाघाटच्या माणसाचं उत्तर मात्र आलं नाही. तो दिवस उजाडला. आम्ही तिघं सकाळपासून शेडात बसलो होतो. बाबा चहासुद्धा न घेता आले होते, मिस्त्री सकाळपासून एकच पेचकस पुसत होते, मी पुन्हा पुन्हा तोच शेरा उघडून पाहत होते. साडेअकराला फोन वाजला. अनोळखी नंबर. मिस्त्रींनी उचलला.

"चालू हाये का बंद?"

पलीकडून खूप माणसांचा कालवा ऐकू आला. त्यात एक आवाज म्हणाला, "बंद है, उस्ताद. पट्टा उतर गया. बंद करके ही फोन लगाया. सेठ चिल्ला रहा है."

"चिल्लाने दे. शाफ्ट रुका?"

"रुक रहा है."

"तो रुक. मैं भी रुकता."

मिस्त्रींनी फोन स्पीकरवर टाकून पोत्यावर ठेवला. आम्ही तिघं वाकून ऐकत होतो, तिकडं कुठंतरी एक शाफ्ट थांबत चालला होता. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. "हं," ते म्हणाले, "अब चढ़ा."

पुढच्या वर्षी त्यांचा उजवा कानही गेला आणि लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. फोन ते आता उचलत नाहीत, ऐकूच येत नाही. चॅनल मी आणि बाबा चालवतो. मशिनीवर बाबा बोलतात, कोचशी भांडायचं काम माझ्याकडे आहे.

तो व्हिडिओ पाहून त्याच सीझनला आमच्या रस्त्यावरच्या चार मिलांनी पट्ट्यांना लोखंडी जाळी बसवून घेतली. जाळीची मापं बाबांनी घेतली.